यशवंतपूरला उतरून हेब्बाळकडे
(हीरकमहोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा मी घ्यावा, अशी समितीची सूचना होती. तो आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी इतक्या साक्षेपाने घेतला आहे की, त्यात भर घालण्याजोगे माझ्याजवळ फारसे काही उरलेले नाही. निकालाचे तक्ते आपण मागच्या भिंतीवर पाहिलेच आहेत. तेव्हा समितीची क्षमा मागून मी आज एकाच दिवसाविषयी बोलणार आहे. तो दिवस शाळेच्या आवारात घडला नाही. तो बेंगळुरूला, आधी यशवंतपूरच्या रेल्वे स्थानकावर आणि नंतर हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेला. तरीही या व्यासपीठावरून सांगण्यासारखा तो आहे, असे मला वाटते. कारण त्या दिवशी आपल्या शाळेची एक परीक्षा झाली आणि तिच्यात मी स्वतः एका प्रश्नाला अनुत्तीर्ण झाले.

आपल्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी. तिचे नाव घेत नाही; ती संकोची आहे आणि तिला ते रुचणार नाही. घरी दोन एकर जमीन, एक म्हैस, दोन गाई. पहिली ते दहावी ती आपल्याकडे मराठी माध्यमातून शिकली, पुढे पी.यू.सी.ची दोन वर्षे विज्ञान शाखेत इंग्रजीतून. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ आली ते आपणा सर्वांना आठवत असेल. जनावरांचे बाजार बंद झाले होते. गाईंच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठत, पाय सुजत, दूध आटे. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून साथ आवरण्याचा प्रयत्न चालला होता. पण ती लस या वस्तीवर पोहोचेपर्यंत हिच्या घरचे एक वासरू गेले. डॉक्टर आले नाहीत, असे मी म्हणणार नाही. ते आले, पण एका डॉक्टरकडे इतकी गावे होती की ते तिसऱ्या दिवशी आले. त्या तीन रात्री ही मुलगी गोठ्यात बसून होती. पुढे प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरताना तिने पशुवैद्यक हा पर्याय पहिला लिहिला.

कर्नाटकात या अभ्यासक्रमाच्या काही जागा शेतकरी कुटुंबांतील मुलांसाठी राखीव असतात आणि त्यासाठी निराळी प्रात्यक्षिक परीक्षा होते. बियाणे ओळखा, तण ओळखा, अवजार ओळखा, असे तिचे स्वरूप असते. आपल्या मुलीला त्या परीक्षेत काही अवघड गेले नाही. ज्या दिवशी जागा मिळाल्याचे कळले, त्या दिवशी तिचे वडील पेढे घेऊन कार्यालयात आले आणि पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून म्हणाले, ‘‘बाई, एक विनंती होती. तुम्ही आमच्याबरोबर बेंगळुरूला चला. मला तिथलं बोलणं झेपायचं नाही. पोरगी एकटी पडेल.’’

मी हो म्हटले. त्याला एक कारण असे की, माझे धाकटे दीर यशवंतपूरच्या बाजार समितीच्या आवारात एका कांद्याच्या पेढीवर हिशेबनीस आहेत. त्यामुळे उतरायची सोय होती. दुसरे कारण आज प्रथमच जाहीरपणे सांगते. मी गेली तीस वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते आहे. पालकसभांत मातृभाषेतील शिक्षणाचे महत्त्व मी शेकडो वेळा सांगितले आहे. परंतु माझ्या स्वतःच्या मुलाला मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले होते. त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह होता, हे खरे. पण माझ्याही मनात धाकधूक होती, हेही तितकेच खरे. यंदा आपल्या पहिलीच्या वर्गात अकरा मुले आहेत. त्या अकरा मुलांच्या आईवडिलांसमोर उभे राहताना ही गोष्ट माझ्या घशात अडकते. म्हणून या मुलीचे पुढे काय होते, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

आम्ही तिघे बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघालो. रात्रभर ती मुलगी जागी असावी. मी कूस बदलली की खिडकीशी तिची आकृती दिसे. पहाटे तुमकूर मागे पडले आणि उजाडता उजाडता यशवंतपूर आले.

यशवंतपूरविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बेंगळुरूच्या वायव्येस असलेले हे एके काळचे गाव आता शहराच्या पोटात आहे. येथील बाजारात कांद्याची प्रचंड उलाढाल होते आणि त्यातला बराच कांदा आपल्या मुलखातून, नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर या बाजूंनी येतो. स्थानकावरून दिरांकडे जाताना मालमोटारींची रांग लागली होती. त्यांच्या मागच्या फळ्यांवर ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ अशी अक्षरे वाचून मुलीच्या वडिलांचा चेहरा उजळला. ‘‘बाई, इथंपण आपलीच माणसं दिसतात की,’’ ते म्हणाले. मला इतिहास सांगण्याची जुनी खोड आहे. चहा पिताना मी त्यांना सांगितले की, १६३८ पासून बेंगळुरू शहाजीराजांकडे होते आणि येथून जवळच मल्लेश्वरमला काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे, त्याला त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ साली एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. ते नम्रपणे ऐकत होते. माझे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘‘वसतिगृहात आठवड्याला किती वेळा भाकरी देतील?’’ दिरांना हसू आवरेना. मीही गप्प झाले.

यशवंतपुराहून हेब्बाळला जाताना टाटांच्या विज्ञान संस्थेची हिरवीगार भिंत लागते, मग मेख्री सर्कल, मग बळ्ळारी रस्ता. रिक्षावाला कन्नडमध्ये बोलत होता. आपल्या मुलीला कन्नड येते. आपल्या शाळेत ते व्यवस्थित शिकवले जाते. पण आपल्याकडे ‘या’ म्हणायला ‘बर्री’ म्हणतात आणि तिकडे ‘बन्नी’. तिचे पहिलेच वाक्य ऐकून रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिले आणि ‘‘बेळगावीचे का?’’ असे विचारले. विचारण्यात कुचेष्टा नव्हती. तरी ती जी गप्प झाली ती महाविद्यालयाचे फाटक येईपर्यंत.

हेब्बाळचे ते आवार मोठे आहे, जुन्या वृक्षांचे आहे. या भूमीला शेतीच्या अभ्यासाची परंपरा आहे. १८९९ साली म्हैसूरच्या महाराणींनी येथे प्रायोगिक शेतीसाठी तीस एकर जमीन दिली. १९२५ च्या सुमारास याच परिसरात बुळकांडीवरील रक्तजल तयार करणारी संस्था निघाली. पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले, १९६४ मध्ये नव्या कृषी विद्यापीठात गेले आणि आता ते बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाशी जोडलेले आहे. बुळकांडी हा शब्द आजच्या मुलांनी ऐकलेला नसेल. आपल्या आजोबांना विचारा. गुरांना ताप यायचा, तोंडात व्रण उठायचे, मग हगवण लागायची आणि आठवड्याच्या आत गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. या रोगाशी शास्त्रीय झुंज देण्यासाठी देशातली पहिली प्रयोगशाळा १८८९ साली आपल्या पुण्यात उघडली होती. चार वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. भारतात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला आणि २०११ मध्ये हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे घोषित झाले. मनुष्याने पृथ्वीवरून संपूर्ण घालवलेले रोग दोनच. एक देवी आणि दुसरा हा. देवीची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. बुळकांडीची मला कुठल्याच इयत्तेत आढळली नाही. गुरांचा रोग म्हणून असेल.

कार्यालयातील कागदपत्रांचे काम दोन तास चालले. त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. दाखल्यांच्या प्रती नेहमीप्रमाणे एकीने कमी पडल्या आणि रस्त्यापलीकडे जाऊन काढून आणाव्या लागल्या. त्या दोन तासांत मुलीला धीर यावा म्हणून मी वाचलेल्या काही गोष्टी तिला सांगत बसले. जगातले पहिले पशुवैद्यकीय विद्यालय फ्रान्समधील लियों शहरी निघाले. १७६१ साली त्याला राजाची परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी ते एका जुन्या धर्मशाळावजा खाणावळीत भरू लागले. ते काढणारे क्लोद बुर्जेला हे मूळचे वकील आणि पुढे अश्वारोहण शिकवणारे. आणि त्या काळी युरोपातील गुरे मारणारी मोठी साथ हीच, बुळकांडी. मग मी तिला एलीन कस्ट या आयरिश बाईंची गोष्ट सांगितली. एडिनबरोच्या पशुवैद्यक विद्यालयात त्यांनी घरच्यांची लाज राखण्यासाठी बदललेल्या आडनावाने नाव घातले होते. १९०० साली त्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला. परंतु स्त्री म्हणून परीक्षेला बसू दिले गेले नाही. पदविका हाती पडली ती १९२२ साली. मधली बावीस वर्षे त्या पदविकेवाचून घोड्यागुरांवर उपचार करीत होत्या.

ही गोष्ट तिला फार भावेल, असा माझा होरा होता. तिने विचारले, ‘‘बाई, त्यांना तिथली भाषा तर येत होती ना?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी तिसरी गोष्ट काढली. १९२७ साली गांधीजी विश्रांतीसाठी बेंगळुरूला होते. त्या मुक्कामात ते येथील सरकारी दुग्धसंस्थेत गोपालनाचे शास्त्रीय शिक्षण घ्यायला जात. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. सत्तावन्नाव्या वर्षी वही घेऊन गोठ्यात उभे राहणारा तो विद्यार्थी मला त्या आयरिश बाईंपेक्षाही जवळचा वाटतो. कदाचित माझे स्वतःचे वय त्याच्या आसपास असल्यामुळे असेल. मुलगी हसली. त्या दिवशीचे ते तिचे पहिले हसू.

नव्या विद्यार्थ्यांना आवार दाखवण्यासाठी वरच्या वर्गातील विद्यार्थिनी नेमल्या होत्या. आमच्या वाट्याला आलेली मुलगी कलबुर्गीकडची होती. बोलकी आणि भराभर चालणारी. तिने प्रथम आम्हांला शरीररचनाशास्त्राच्या विभागात नेले. दारातच फॉर्मेलिनच्या वासाने डोळे चुरचुरले. काचेच्या कपाटांत हाडे, चिनीमातीच्या भांड्यांत अवयव, मध्यभागी घोड्याचा उभा सांगाडा. घोडा केवळ आपल्या एका बोटाच्या टोकावर उभा असतो, हे मला ठाऊक नव्हते. ज्याला आपण घोड्याचा मागचा गुडघा समजतो तो खरे तर त्याचा घोटा असतो. मी एम. ए. झाले, मराठी घेऊन. घोड्यावरच्या कितीतरी कविता शिकवल्या. पण घोडा म्हणून काय चीज आहे, ते त्या सांगाड्यापुढे उभी राहिले तेव्हा थोडेसे उमगले.

मुलीचे लक्ष मात्र भिंतीवरच्या तक्त्यांकडे होते. प्रत्येक हाडाला, प्रत्येक स्नायूला लॅटिन-इंग्रजी नाव. ती ओठ हलवीत वाचत होती. माझ्या बाजूला येऊन अगदी हळू आवाजात ती म्हणाली, ‘‘बाई, हे सगळं मला जमेल?’’ मी म्हटले, ‘‘जमेल.’’ शिक्षकाने दुसरे काय म्हणावे? पण माझ्या आवाजात खात्री नव्हती आणि ते तिला कळले. दहा वर्षे माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला माझा आवाज ओळखता येणार नाही, असे कसे होईल?

पुढच्या दालनात गाईच्या पोटाचे नमुने होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात, हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. त्यांतला दुसरा कप्पा आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो, जाळीदार. त्या जाळीदार कप्प्याशेजारी एका तबकात गंजलेले खिळे, तारेचे तुकडे, एक शिवणकामाची सुई असे जिन्नस मांडून ठेवले होते. कलबुर्गीच्या मुलीने इंग्रजीतून समजावून सांगितले आणि मी ते मराठीत सांगत गेले. गाय चारा नीट चावून खात नाही, आधी गिळते. त्याबरोबर तार किंवा खिळा गेला तर तो या कप्प्यात येऊन पडतो. कप्पा आकुंचन पावला की खिळा पुढे टोचतो. पुढे पातळ पडदा, आणि पडद्याच्या पलीकडे लगेच हृदय.

हे ऐकताच मुलीच्या वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. सकाळपासून ते प्रत्येक ठिकाणी दोन पावले मागे उभे राहत होते. आता पुढे आले आणि बोलू लागले. त्यांची एक गाय तीन वर्षांपूर्वी गेली होती. मान लांब करून उभी राही. पुढचे कोपर बाहेर काढी. बसताना कण्हे. चढ चढे, पण उतारावरून उतरायचे नाव घेत नसे. ‘‘आणि शेवटी तिची पोळी सुजली, बाई. अशी पखालीगत.’’

कलबुर्गीची मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी भाषांतर करीत होते ना! आणि मी अडखळले. पोळी सुजली म्हणजे काय? माझ्या डोळ्यांपुढे तव्यावरची फुगलेली पोळी आली. मराठी विषयातील पदव्युत्तर पदवी, तीस वर्षांचे अध्यापन, आणि एका शेतकऱ्याचे साधे मराठी वाक्य मला कळेना. मी त्यांनाच विचारणार तोच माझ्या मागून आवाज आला. आपली मुलगी बोलत होती. इंग्रजीतून. गाईच्या गळ्याखाली जी सैल कातडी लोंबते तिला आमच्याकडे पोळी म्हणतात, तिथे सूज आली होती, आणि गाय उतारावरून उतरत नव्हती कारण उतारावर पोटाचा भार पुढे येतो आणि टोचणारी वस्तू अधिक टोचते, असेच ना? वाक्ये तुटक होती. एका ठिकाणी काळ चुकला. पण कलबुर्गीच्या मुलीने दोन्ही भुवया वर केल्या आणि म्हणाली की, ही लक्षणे आम्हांला वरच्या वर्गात शिकवतात. कोपर बाहेर काढून उभे राहणे आणि गळ्याखालची सूज, दोन्ही पुस्तकात आहेत.

वडिलांनी विचारले, ‘‘म्हणजे तिच्या पोटात खिळा होता?’’ तपासल्यावाचून कोण सांगणार? पण बहुधा तसेच असावे, असे ती म्हणाली. आणि हेही म्हणाली की, जनावराला एक लहानसे लोहचुंबक गिळवतात, ते याच कप्प्यात जाऊन बसते आणि लोखंड धरून ठेवते. वडील बराच वेळ त्या तबकाकडे पाहत उभे होते. त्यांच्या घरी त्या वर्षी नवा गोठा बांधला होता आणि बांधकामाच्या तारा अंगणात पडून होत्या, हे त्यांनी मला परतीच्या गाडीत सांगितले. तिथे सांगितले नाही.

दुपारी आम्ही पशुचिकित्सालय पाहिले. श्वानमंडळींची रांग मोठी होती. त्यांचे मालक मोटारींतून आले होते. मोठ्या जनावरांच्या बाजूला लोखंडी खोड्यात एक गाय उभी होती आणि तिच्या शेजारी धोतर नेसलेले एक वृद्ध गृहस्थ. आम्ही तिघे मराठीत बोलत असलेले ऐकून ते एकदम वळले आणि मराठी बोलू लागले. ती मराठी मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. क्रियापदे आपली, आकडे कन्नड, हेल तिसराच. बेंगळुरूच्या आसपास पिढ्यानुपिढ्या राहिलेली मराठी घराणी आहेत; त्यांतले ते एक. लिहिता-वाचता येत नाही, म्हणाले. घरात बोलतात तेवढेच. त्यांची गाय दोन दिवस रवंथ करीत नव्हती. तेथील प्राध्यापकांनी नव्या मुलीला सहज पुढे बोलावले आणि तिच्या हाताची मूठ गाईच्या डाव्या कुशीत दाबून धरायला सांगितली. निरोगी गाईच्या कुशीत मिनिटाला एक-दोन वेळा लाट यावी तसे पोट हाताला ढकलते. तिला ते ठाऊक होते. वडिलांनी शिकवले होते. तिने डोळे मिटून घेतले, ओठांत मोजत राहिली आणि म्हणाली, ‘‘नाही येत, सर.’’ प्राध्यापकांनी मग तिलाच त्या वृद्धांना प्रश्न विचारायला सांगितले. चारा काय घातला? शेण कसे पडते? पाणी पिते का? ते त्यांच्या मराठीत सांगत होते, ही आपल्या मराठीत विचारत होती, आणि उत्तर सरांना इंग्रजीत. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात गाईने पोटभर खाल्ला होता, हे दोन दिवसांत कोणालाच कळले नव्हते. ते त्या पाच मिनिटांत कळले. प्राध्यापकांनी कौतुकाचा शब्द काढला नाही. वळून औषध लिहू लागले आणि एवढेच म्हणाले की, जनावर बोलत नाही, म्हणून मालकाची भाषा ही अर्धी तपासणी असते.

संध्याकाळी वसतिगृहाच्या दाराशी निरोप झाला. वडिलांनी चटणीची बरणी आणि भाकरीचे पुडके तिच्या हाती दिले. रडारड झाली नाही. ते फाटकाबाहेर येईपर्यंत एकदाही मागे वळले नाहीत, मी मात्र दोनदा वळले.

यानंतर सर्व सुरळीत झाले, असे आपणांस वाटू नये. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यातले शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. पहिल्या चाचणीत ती शरीररचनाशास्त्रात नापास झाली. फोनवर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की, हाडे ओळखता येतात, पण उत्तर लिहिताना वेळ पुरत नाही. दुसऱ्या चाचणीत उत्तीर्ण झाली, काठावर. तिसऱ्याचा निकाल यायचा आहे. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना जे एका वाचनात कळते त्याला तिला तीन वाचने लागतात, हे तिने मला स्पष्ट सांगितले आणि मीही ते आपणांपासून लपवीत नाही. पहिलीतील त्या अकरा मुलांच्या पालकांनी मला प्रश्न विचारला, तर हा अधिकचा भार मी त्यांना सांगेन. आणि हेब्बाळच्या त्या दालनात मी का गप्प झाले, तेही सांगेन.

तिने एक वही केली आहे. पानावर तीन रकाने. इंग्रजी, कन्नड, मराठी. मराठीच्या रकान्यात अडले की तिचा फोन येतो. प्रारंभी मला मोठे समाधान वाटे. ती शब्द विचारी, मी कोश उघडून सांगे. पोळीला मी ‘गलकंबल’ हा शब्द काढून दिला, तेव्हा ती नम्रपणे म्हणाली, ‘‘बाई, हा लिहून ठेवते. पण गोठ्यात कोणी हा म्हणत नाही ना?’’ त्यानंतर मी उत्तरे देणे थांबवले आणि फोन आपल्या शिपाईमामांकडे देऊ लागले. मामांच्या घरी चार म्हशी आहेत. पान्हा चोरणे, वार अडकणे, चीक, माज, सड दडणे, फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत, एकेका शब्दामागे मामांजवळ एकेका म्हशीची हकिकत असते. फोन अर्धा अर्धा तास चालतो. मधल्या सुट्टीची घंटा त्यामुळे दोनदा उशिरा झाली, याची नोंद मुख्याध्यापिका म्हणून मी घेतलेली आहे आणि सोडूनही दिलेली आहे.

या सत्रात आठवीच्या मुलांना मी निबंधाऐवजी हेच काम दिले. प्रत्येकाने आपल्या किंवा शेजारच्या गोठ्यात जाऊन जनावराच्या अवयवांचे, आजारांचे, चाऱ्याचे आणि दाव्या-वेसणीचे शब्द विचारून आणायचे, आणि ते कोणी सांगितले त्याचे नाव लिहायचे. आजवर दोनशे सोळा शब्द जमले आहेत. त्यांतले सदतीस मला माहीत नव्हते. यादी बाहेर मंडपाच्या डाव्या हाताला लावली आहे. काही शब्द दोनदा आले असतील, काही चुकीचे असतील. ज्यांच्या घरी जनावरे आहेत, किंवा होती, त्यांनी भोजनाला जाण्यापूर्वी ती पाहावी आणि दुरुस्ती तेथेच पेन्सिलीने करावी. पेन्सिली दोऱ्याने बांधून ठेवल्या आहेत. पुढच्या महिन्यात ती मुलगी सुट्टीवर येते आहे. वही तिच्याबरोबर परत जाईल.